एव्हरेस्टची ओहोटी

डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, हे आपण शाळेत शिकतो. पण शिखराचे वेळापत्रकही समुद्रकाठच्या माणसाला चटकन समजते, असा माझा अनुभव आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते; भरती चढली की तीच वाट पाण्याखाली. एव्हरेस्टचेही तसेच आहे.

८,८४८.८६ मीटर उंचीच्या या शिखराला हिवाळाभर पश्चिमेचे वारे झोडपतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. मे महिन्यात हे वारे उत्तरेकडे सरकतात. आपण कोकणात आंब्याची आढी लावून मृगाची वाट पाहत असतो, तेव्हा तिकडे मोजके दिवस वारा पडतो. जूनमध्ये बंगालच्या उपसागरावरून मोसमी ढग पोचले की हिमवृष्टी सुरू होते आणि दार मिटते.

नेहमीच्या वाटा दोन. नेपाळकडच्या वाटेवर खुंबूचा हिमप्रपात लागतो. ही सरकती, तडकलेली बर्फाची नदी ऊन चढण्याआधी ओलांडायची. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. तिबेटकडच्या वाटेवर हा प्रपात नाही. पण उघड्या धारेवर वारा फार. सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी तिबेटकडून शिखरावर पोचले. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण १९ मे २०१२ रोजी नेपाळकडून. वर्षे निराळी, वाटा निराळ्या. महिना मात्र तोच.

या मोजक्या दिवसांतही घड्याळ असतेच. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम एक तृतीयांश, पाठीवरचा प्राणवायू मोजका. म्हणून शेवटच्या तळावरून रात्री निघायचे आणि दुपारी, असू तिथून, मागे फिरायचे. १० मे १९९६ रोजी काही जण दुपारी दोननंतरही चढत राहिले. संध्याकाळी वादळ आले. त्या वादळात डोंगरावर आठ जणांचे प्राण गेले.

बँकेतल्या नोकरीत मी पुष्कळ मुदती पाहिल्या. अर्ज केला की बहुतेक वाढवूनही मिळत. डोंगर आणि समुद्र मुदतवाढ देत नाहीत. म्हणूनच, माथा समोर दिसत असताना परत फिरलेला गिर्यारोहक मला हरलेला वाटत नाही. मुलांना आपण चढायची जिद्द शिकवतो. वेळ पाहून फिरण्याची हिंमतही शिकवायला हवी.