चावडीच्या दप्तराची नवी बांधणी

शेतकऱ्याच्या जमिनीचे दोन भाग असतात. एक भाग बांधाच्या आत असतो व दुसरा सरकारी दप्तरात असतो. पहिल्या भागाची मशागत आपण बारमाही करितो. दुसऱ्या भागाकडे मात्र कर्ज काढावयाचे झाल्याखेरीज अथवा भाऊबंदांत तंटा उपस्थित झाल्याखेरीज कोणी ढुंकून पाहत नाही. हा दुसरा भाग गेल्या पंचवीसएक वर्षांत मुळापासून बदलला आहे. केवळ कागदाच्या जागी यंत्र आले एवढाच हा बदल असता तर त्याविषयी या मासिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. दप्तर ठेवण्याची रीतच बदलली आहे. एका खात्याचे दप्तर दुसऱ्या खात्याच्या दप्तरास जोडले गेले आहे. आणि या जोडणीचे बरेवाईट परिणाम धाराशिव जिल्ह्यातील प्रत्येक खातेदाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत.

आपल्या जिल्ह्यास दप्तरे बदलण्याची सवय आहे. निजामी अमलात वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत व गावचा पटवारी मोडीत लिहिणारा, अशी दुहेरी रीत होती. साल फसली धरीत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यात आले आणि त्याच सुमारास, म्हणजे १३५८ फसलीत, हक्कनोंदणीचा कायदा झाला. पुढे १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी झाली. कूळ अथवा इनाम यांचा वाद निघाला म्हणजे वकील मंडळी अद्यापि तीच मागतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेने व १९७१ च्या नियमांनी आज आपण जाणतो ते गाव नमुने येथे रूढ झाले. नमुना सात म्हणजे हक्क, नमुना बारा म्हणजे पिके, सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकंदर जमीन. या प्रत्येक संक्रमणात काही नावे गळाली, काही क्षेत्रे घटली व काहींची वाढलीही. सन २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामाकरिता मराठवाड्यातील जुने रुमाल सोडले गेले, तेव्हा उर्दू व मोडी वाचणारी माणसे शोधीत फिरण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. लिपी बदलली की दप्तर मुके होते.

आता संगणकाचे पाहू. आरंभी तालुक्याच्या कचेरीत एकेक यंत्र बसवून सातबारे त्यात टंकलिखित करण्यात आले. हे म्हणजे जुन्या वहीची नवी वही करणे होय. तालुक्याची वही तालुक्यातच राहिली. खरा पालट ई-फेरफार योजनेने झाला. सर्व तालुक्यांची माहिती राज्याच्या मध्यवर्ती साठ्यात नेण्यात आली, आणि तलाठी, ज्यास सन २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो गावात बसून त्या एकाच साठ्यावर काम करू लागला. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची वर्दी यंत्रानेच फेरफाराकडे जाते. हितसंबंधितांस नोटिसा निघतात, पंधरा दिवसांत कोणी हरकत न घेतल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितो, आणि नमुना सात त्याप्रमाणे बदलतो. हरकत आली तर प्रकरण सहा-अ च्या नोंदवहीत जाते, ते पूर्वीसारखेच. सन २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडीवाचन करून हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून पाहण्यात आले, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सहीसाठी तलाठ्याच्या मागे हिंडणे त्यामुळे सुटले. ही सोय लहान नव्हे. एका उताऱ्यापायी तालुक्यास तीन खेपा घालणारी माणसे आम्ही नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिली आहेत.

येथे थोडे थांबून, अशी दप्तरे बांधण्याच्या दोन रीती जगात आहेत त्या सांगणे अवश्य आहे. बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. त्याने सन २००१ पासून अशी रीत ठेविली की प्रत्येक खात्याने आपली वही आपल्याकडेच ठेवावी. मध्ये फक्त एक सामाईक रस्ता असावा, आणि ज्याला जी माहिती पाहण्याचा अधिकार आहे त्याने त्या रस्त्याने येऊन तेवढीच पाहावी. कोणी केव्हा पाहिली याचीही नोंद राहते. दुसरी रीत म्हणजे सर्व धान्य एकाच मोठ्या बळदात ओतणे. आपल्याकडील जमिनीचे दप्तर या दुसऱ्या रीतीकडे झुकलेले आहे, व त्या बळदाला आता पीकविमा, बँका, अनुदाने, हमीभावाची खरेदी अशी अनेक दारे पाडली जात आहेत. बळदात राखण सोपी व हिशेब एक, हा त्याचा गुण. परंतु ओल शिरली तर ती एका कोपऱ्यात राहत नाही. शिवाय बळदाचे तोंड बंद झाले की साऱ्या घराचे जेवण अडते; ‘सर्व्हर बंद आहे’ हे वाक्य ज्याने कचेरीच्या पायरीवर उभे राहून ऐकले नाही असा शेतकरी विरळा.

ओल शिरते कशी, याचे एक उदाहरण देतो. एका गृहस्थाच्या हिश्श्याचे क्षेत्र हस्तलिखित उताऱ्यावर १ हेक्टर २० आर होते. उतारा यंत्रात भरताना एकाचा आकडा गळून ० हेक्टर २० आर झाले. पूर्वीच्या काळी अशी चूक गावच्या वहीत निपचित पडून राहिली असती. तलाठ्यास व शेजाऱ्यास सत्य ठाऊक असल्यामुळे तिचे चटके बसले नसते. आता तसे नाही. सोसायटीने कर्ज मंजूर केले ते वीस आरांचे. विमा उतरला वीस आरांचा. अतिवृष्टीची मदत आली तीही वीस आरांची. शेत जागच्या जागी होते, पीक त्यावर उभे होते, पण चार कचेऱ्यांनी चार वेळा एकच उत्तर दिले की आमच्या पडद्यावर असेच दिसते. आणि दुरुस्ती? ती या चारांपैकी कोणाच्याही हाती नाही. ती संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशानेच व्हावयाची. चूक वाऱ्याच्या वेगाने पसरते व दुरुस्ती बैलगाडीने येते, हा नव्या बांधणीचा सर्वांत मोठा दोष आहे असे आम्हांस वाटते.

परंतु जोडणी नसल्याने काय होते, तेही आपल्याच जिल्ह्याने भोगले आहे. सन २०२० च्या खरिपात काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीनची माती केली. महसूल व कृषी खात्यांनी पंचनामे केले. सरकारने त्यावरून मदतही वाटली. विमा कंपनीने मात्र, नुकसानीची वर्दी ७२ तासांच्या आत आम्हांस मिळाली नाही, असे म्हणून फार मोठ्या संख्येने शेतकऱ्यांस भरपाई नाकारली. गावात वीज नाही, मोबाइलला रेघ नाही, शेतात गुडघाभर चिखल, आणि वर्दी यंत्राने द्यावयाची! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांस भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले. आमचे म्हणणे इतकेच की पंचनाम्याचे ज्ञान एका दप्तरात पडून होते आणि दुसरे दप्तर आपल्याला काही ठाऊकच नाही असे म्हणत होते. ही दोन दप्तरे त्या वेळी एकमेकांस वाचू शकली असती, व ती वाचण्याचे बंधन करारात असते, तर पावणेदोन वर्षे कोर्टाची वाट पाहावी लागली नसती.

पिकाच्या नोंदीची गोष्ट निराळी आहे. नमुना बारा पूर्वी तलाठी भरी. कधी शिवारात फिरून, कधी (स्पष्ट बोलावयाचे तर) चावडीत बसून मागील वर्षाचे पाहून. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व ही लेखणी शेतकऱ्याच्या हाती आली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे. यंत्र ती जागा आपोआप टिपून घेते. भरलेली नोंद ४८ तासांत आपणच दुरुस्त करू शकतो. त्यानंतर ती कायम समजली जाते आणि एकंदर नोंदींपैकी दहा टक्के नोंदी अधिकारी पडताळून पाहतो. आपल्या दप्तरात आपण लिहावे, हा अधिकार पूर्वीच्या कोणत्याही राजवटीने रयतेस दिलेला नव्हता. तथापि पुष्कळ खातेदार तो वापरीत नाहीत. मुदत संपते, बांधावर तूर असून उताऱ्यावर पड दिसते, व हमीभावाच्या खरेदीस नाव नोंदविताना डोळे उघडतात. वृद्ध व एकट्या स्त्री-खातेदारांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी गावच्या चार शिकलेल्या मुलांनी एक दिवस शिवारात काढला तर काम होते. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात.

याहून नाजूक प्रश्न शेतकरी ओळख क्रमांकाचा आहे. ॲग्रीस्टॅक नावाच्या केंद्रीय योजनेखाली डिसेंबर २०२४ पासून महाराष्ट्रात प्रत्येक खातेदारास अकरा आकडी क्रमांक देण्याचे काम सुरू झाले, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांस तो आवश्यक ठरला. आधार, सातबारा व बँकेचे खाते ही तीन दप्तरे या क्रमांकाने एका सुतात ओवली जातात. कल्पना चांगली आहे. परंतु तिचे गृहीतक असे की जमीन ज्याच्या नावावर आहे तो इसम हयात आहे, शेत तोच कसतो, व त्याचे नाव सर्व कागदांत एकाच रीतीने लिहिलेले आहे. आपल्या गावांत हे तिन्ही एकत्र किती ठिकाणी जुळते? आजोबा वारून वीस वर्षे झाली तरी खाते त्यांच्याच नावे. चार भावांचे सामाईक खाते, त्यांतील एक पुण्यास, एक मुंबईस. उताऱ्यावर ‘पांडुरंग’ आणि आधारावर ‘पांडूरंग’. माणूस हा भेद हसून सोडून देतो. यंत्राला हसता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना व इतर नद्यांना पूर येऊन परंडा, भूम आदी तालुक्यांत हाहाकार उडाला, त्यानंतरच्या मदतीच्या वाटपात ज्यांचे क्रमांक व खाती सरळ होती त्यांचे काम सुलभ झाले, आणि मयतांच्या व सामाईक खात्यांचे वारसपत्रे, सहमतीपत्रे गोळा करण्यात दिवस गेले. जमीन खरवडून गेलेल्या माणसाला त्याच आठवड्यात भावांच्या सह्या गोळा करावयास लावणे ही क्रूरता आहे. परंतु ती टाळण्याचे निम्मे साधन आपल्याच हाती होते. एप्रिल-मे २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांची नावे कमी करून वारसांच्या नोंदी घेण्याचे काम गावोगाव केले. ज्यांनी त्या वेळी कागद दिले त्यांस त्याचा उपयोग झाला.

सरकारकडे मागावयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, दुरुस्तीस मुदत असावी. विम्याची वर्दी देण्यास शेतकऱ्यास ७२ तास मिळत असत, तर लेखनप्रमाद सुधारण्यास कचेरीस काही ठरावीक दिवसांची मुदत का नसावी? आणि दुरुस्ती झाली की ती सर्व जोडलेल्या दप्तरांत आपोआप पोहोचावी. शेतकऱ्याने नवा उतारा घेऊन बँक, सोसायटी व विमा केंद्र अशी पालखी काढावी लागू नये. दुसरी, हस्तलिखित सातबारे व फेरफाराच्या वह्या यांचे जतन. यंत्रातील आकडा खरा की खोटा हे ठरविण्यास आज त्या वह्यांवाचून दुसरा पुरावा नाही. काही अभिलेख कक्षांत वाळवीने त्यांची जी दशा केली आहे ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. छायाप्रती काढून झाल्या म्हणून मूळ वही टाकाऊ ठरत नाही.

वाचकांपैकी ज्यांना आपले दप्तर तपासावयाचे असेल त्यांनी महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व तसाच आठ-अ काढावा, आणि घरातील सर्वांत जुन्या हस्तलिखित उताऱ्याशेजारी ठेवून वाचावा. जुना उतारा नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते. प्रथम क्षेत्र पाहावे. जुने एकर-गुंठे असल्यास एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर व एक हेक्टर म्हणजे जवळजवळ २ एकर १९ गुंठे, या हिशेबाने ताडावे. मग सर्व हिस्सेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते का ते पाहावे. चूक बहुधा येथेच सापडते. नंतर पोटखराबा, नंतर इतर हक्कांतील फेडलेल्या कर्जाचा बोजा, विहिरीचा व वाटेचा हक्क. नावाचे प्रत्येक अक्षर आधारपत्राशी ताडावे. भेद आढळल्यास ई-हक्क या सोयीतून घरबसल्या अर्ज करता येतो, अथवा तहसीलदाराकडे लेखी द्यावा. अर्जासोबत जुन्या उताऱ्याची व संबंधित फेरफाराची प्रमाणित नक्कल जोडावी आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये. वारसाचा अर्ज असेल तर मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे त्यात हवीत, बहिणींचीही. बहिणींची नावे गाळून केलेली नोंद पुढे वादात अडकते व तोवर सर्वांचीच मदत थांबते. ही कामे पेरणीच्या धांदलीत होत नाहीत. रब्बीची रास घरी आल्यावर व मृग निघण्यापूर्वी जो मोकळा महिना मिळतो तो यास पुरेसा आहे.