पडत्या भावातला सौदा

घरांचे भाव उतरले की सगळे थांबतात. पण राहतं घर विकून मोठं घेणाऱ्यासाठी हाच काळ चांगला. समजा, भाव सरसकट 10 टक्के उतरले. 60 लाखांचं घर 54 लाखांना जाईल, पण 1 कोटीचं 90 लाखांत मिळेल. वर घालायची रक्कम 40 लाखांवरून 36 लाखांवर येते. विकताना सोसलेला तोटा खरेदीत भरून निघतो, हे गणित फार कमी जण मांडतात.

मंदीत सरकारही हात सैल सोडतं. सप्टेंबर 2020मध्ये महाराष्ट्राने मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं, तेही फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. पुढचे तीन महिने 3 टक्के होतं. कागदपत्रं तयार असलेल्यांनाच अशी सवलत साधते.

एक धोका मात्र नक्की ओळखा. बाजारभाव पडला तरी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर आपोआप खाली येत नाही. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त रकमेवर लागतं. रेडी रेकनरची किंमत सौद्याच्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या फरकावर विकणारा आणि घेणारा, दोघांनाही प्राप्तिकर बसू शकतो. टोकन देण्याआधी सीएला विचारा.

बिल्डर सवलतीची घाई करत असेल, तर आधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा ताबा कधीचा आहे ते बघा. करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम तो मागू शकत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटीही लागत नाही.