मळीतून दारूच का? प्रथिनेही निघतात!

शेतकरी बंधूंनो, आपल्या उसाची साखर पोत्यात जाते आणि मळी टाकीत. तिथून ती डिस्टिलरीत जाते, एवढे आपल्याला ठाऊक. पण मळीची दारू करतो कोण? यीस्ट, म्हणजे किण्व. पाव फुगवते तेच.

या यीस्टची गंमत बघा. हवा तोडली की ते साखरेचे अल्कोहोल करते. हवा भरपूर खेळवली आणि साखर थोडी थोडी दिली, की ते स्वतःच वाढते. मळीत जवळजवळ निम्मी साखर असतेच. वरून पिकासारखे नत्र आणि स्फुरद द्यायचे. दोन किलो साखरेमागे सुमारे किलोभर वाळले यीस्ट मिळते. त्यात शेकडा ४५ ते ५० प्रथिने. तूरडाळीत २२ च्या आसपास!

हे काही नवे नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) जर्मनीने मळीवर यीस्ट वाढवले. दुसऱ्या महायुद्धात लाकडाच्या साखरेवरचे टोरुला यीस्ट तिथल्या लोकांच्या जेवणात आले. १९४० च्या दशकात इंग्रजांनी जमैकात उसाच्या मळीवर असाच कारखाना काढला.

आपला फायदा काय? ज्वारी-बाजरीत लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी पडतो; यीस्टमध्ये तो भरपूर. शिवाय ब गटातील बरीच जीवनसत्त्वे मिळतात. आमटीत चमचाभर भुकटी घातली तरी भाकरीला जोड मिळते.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा

एक, जिवंत यीस्ट खाऊ नका. ते पोटात आपलीच ब जीवनसत्त्वे ओढून घेते. उष्णता देऊन मारलेले, वाळवलेलेच घ्या.

दोन, अति नको. यीस्टमधील न्यूक्लिक आम्लाने अंगात युरिक आम्ल वाढते. सांधे धरतात, मुतखडा होतो. मोठ्या माणसाला दिवसाला २० ग्रॅमच्या आतच ठेवावे. गाऊटवाल्यांनी लांबच राहावे.

तीन, घरी पिंपात मळी-युरिया कालवून हा उद्योग करू नका. भलतेच जंतू शिरतात. त्याला निर्जंतुक टाकी, हवेचा पंप, यीस्ट वेगळे काढायचे यंत्र लागते. हे काम कारखान्याचे.

सभासद बंधूंनो, वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर हाही प्रश्न विचारा : मळीच्या यीस्टचा हिशेब एकदा मांडून बघाल का? सरपंच-ग्रामसेवकांनीही ध्यानात ठेवावे, यीस्ट ही डाळीला जोड आहे, डाळीची सुट्टी नव्हे. मुलांच्या खाऊत घालायचे तर आधी डॉक्टरांना विचारा.

मळी आपल्याच घामाची आहे. तिचे काय होते, हे विचारायचा हक्कही आपलाच.