"सर, याला जरा समजवा"

दर रविवारी बुद्धवंदना आटोपली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दोन-तीन कार्यकर्ते बसतो. वस्तीतील माणसे गाऱ्हाणी घेऊन येतात. नवऱ्याची दारू, भावाभावांतील खोलीचा वाद, सावकाराचे व्याज. मोठा माणूस स्वतःच्या पायांनी येतो. एकदा बोलता झाला की तासभर थांबत नाही, आणि निम्मे ओझे त्यातच उतरते. पुढचा निर्णय त्याचा तोच घेतो.

मुलांचे तसे नाही. त्यांना कोणीतरी दंडाला धरून आणतो. "सर, याला जरा समजवा." मग आईवडीलच बोलतात आणि पोरगा पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत उभा. विचारले तर एकच उत्तर, "काही नाही."

माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. दहावीला गणित आणि इंग्रजीत राहिलेला एक मुलगा असाच आणला गेला. मी त्याला पाऊण तास बाबासाहेबांची जिद्द ऐकवली. कोलंबिया, लंडन, अठरा-अठरा तासांचा अभ्यास, सगळे. त्याने मान डोलावली, जयभीम केला आणि अभ्यासिकेत पुन्हा फिरकला नाही. नापास झालेल्या पोरासमोर एवढा मोठा डोंगर उभा केल्यावर तो काय बोलणार?

पंधरा दिवसांनी तो एका गॅरेजवर काम करताना दिसला. या वेळी स्टूल ओढून बसलो आणि त्याच्याबरोबर पाने पुसू लागलो. समोरासमोर बसवले की मुले मिटून जातात. हाताला काम असले की जीभ सैल होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "शिष्यवृत्तीसाठी वर्गात आमची नावं मोठ्यानं वाचली. तेव्हापासून पोरं फुकट्या म्हणून हाक मारायची." तो शाळेच्या नावाने घरून निघे आणि स्टेशनवर बसून राही. घरी कोणाला पत्ता नव्हता.

मोठा माणूस असता तर शाळेत जाऊन भांडला असता. मुलाला ते जमत नाही. त्याला विचारून, त्याच्या वडिलांना घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेलो. नुसता सल्ला देऊन तिथे भागले नसते.

तथागतांनी पुत्रशोकाने वेड्या झालेल्या किसा गोतमीला मोहरी आणायला दारोदार पाठविले. सत्य तिचे तिने शोधले. लहानग्या राहुलाला मात्र भांड्यातले उरलेले थोडेसे पाणी दाखविले, ते फेकून भांडे पालथे केले आणि खोटे बोलण्याचा अर्थ समजावला. मुलाच्या डोळ्यांपुढची वस्तू घेतली.

गुपिताचे वचन मुलाला देताना मात्र जपावे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावेच लागते. जिवाचा धोका असेल तर घरी सांगावे लागते. हे त्याला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पुन्हा तो कोणावर विश्वास ठेवणार नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि मन फारच खचले असेल तर २०२२ पासून सुरू असलेला १४४१६ हा मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

तो मुलगा एटीकेटीने अकरावीला गेला. पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटले, गणित राहिले आहे. ते मी घेतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला दहावीचे बीजगणित रात्री आधी स्वतः सोडवून पाहावे लागते, हे त्याला कळले आहे आणि त्याचे त्याला फार हसू येते.