शिंगराला पाय द्यायला शिकवा : काम मालकाचे, नालबंदाचे नव्हे

घोड्याची किंमत पायावर ठरते, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तेथील जाणकार गिऱ्हाईक रंग आणि चाल पाहून थांबत नाही, पाय उचलून खूरही बघतो. जे जनावर पाय देत नाही, त्याचा भाव तेथेच उतरतो.

नुकसान मालकाचेच होते असे नाही. नालबंदी हा आपल्या समाजातील जुना पेशा आहे. नालबंद हे आडनावच त्यावरून पडले. हा कारागीर जनावराला खेटून, कंबरेत वाकून, पाय मांडीवर घेऊन काम करतो. एका लाथेने गुडघा किंवा बरगडी गेली तर महिनोन्‌महिने रोजी बंद पडते. नालबंद दीड-दोन महिन्यांतून एकदा येतो आणि काम उरकून जातो. मालक मात्र जनावराजवळ रोज असतो. म्हणून शिंगराला पाय द्यायला शिकवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

सुरुवात केव्हा करावी?

मोठ्या घोड्याचा खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. शिंगराचा याहूनही भरभर वाढतो. तो एका बाजूने जास्त झिजला तर पायावर वाकडा भार पडतो. नळीच्या हाडाखालच्या सांध्याजवळ हाडाची वाढ मुख्यतः पहिल्या तीन-चार महिन्यांतच होते. तिथला वाकडेपणा सुधारायचा तर तो याच काळात. म्हणून पहिली तासणी साधारण दुसऱ्या महिन्यात आणि पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी करतात. पाय जास्तच वाकडा दिसत असेल तर कानस चालवण्याआधी पशुवैद्यांना दाखवावे. अर्थात हाताची सवय जन्मानंतर थोड्याच दिवसांत, शिंगरू आईजवळ असतानाच लावायला हवी.

पाय का देत नाही?

घोडा संकटात पळून जीव वाचवतो. पाय धरला म्हणजे पळण्याची वाट बंद झाली, असे त्याला वाटते. शिवाय शिंगराला तीन पायांवर तोल सांभाळता येत नाही. तेव्हा हा हट्ट नसून भीती आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

शिकवण्याचा क्रम

पहिले काम हाताची ओळख. खांद्यापासून सुरू करून हात हळूहळू पायावरून खाली न्यावा. शिंगरू हलले तर हात न दाबता तसाच ठेवावा आणि ते स्थिर होताच काढून घ्यावा. सगळी मेख येथेच आहे. हात कोणत्या क्षणी सुटला, हे जनावर लक्षात ठेवते. ते पाय झटकत असताना हात सुटला तर झटकल्याने सुटका होते असे शिकते. शांत असताना सुटला तर शांत राहायला शिकते.

दुसरे काम पाय उचलणे. पुढच्या पायासाठी खांद्याजवळ, शेपटीकडे तोंड करून उभे राहावे. हात पायाच्या मागच्या बाजूने खाली नेऊन हलके दाबावे आणि आपल्या खांद्याने त्याचा भार पलीकडच्या पायावर ढकलावा. खूर सुटला की एक-दोन क्षण धरून, त्याने ओढण्याआधीच, अलगद खाली ठेवावा, आपटू नये. पाय खालीच धरावा, बाजूला ताणू नये. धरण्याचा वेळ रोज थोडा वाढवावा.

मागच्या पायासाठी एक हात पुठ्ठ्यावर ठेवून अंगाला चिकटून उभे राहावे. थेट मागे कधीही उभे राहू नये. पाय आधी पोटाखाली पुढे उचलावा, सवय झाल्यावर मग मागे न्यावा. लाथ मारणाऱ्या शिंगराला आधी काठीला कापड गुंडाळून दुरूनच पायावर फिरवावे आणि ते शांत झाल्यावरच हात लावावा.

तिसरे काम अवजारांची ओळख. उचललेल्या खुरावर तळहाताने, मग लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकावे. कानशीचा आवाज ऐकवावा, ती खुरावर नुसती फिरवावी. दोन्ही बाजूंनी हा सराव करावा आणि अधूनमधून दुसऱ्या माणसाकडूनही पाय उचलवून घ्यावेत. रोज पाच-दहा मिनिटे पुरेत.

नालबंद येईल त्या दिवशी

शिंगराला आधी थोडे मोकळे फिरवावे. जागा सपाट आणि सावलीची असावी, आई जवळ असावी. दोर खुंट्याला न बांधता मदतनिसाच्या हातात द्यावा. बांधलेले शिंगरू मागे ओढून मानेला इजा करून घेते. मदतनिसाने नालबंद असेल त्याच बाजूला उभे राहावे. शिंगरू बिथरलेच तर त्याचे तोंड आपल्याकडे वळवावे, म्हणजे मागचे पाय नालबंदापासून दूर जातात. पहिल्या खेपेला चारही खूर झालेच पाहिजेत असा आग्रह नको. दोन आज, दोन उद्या चालतील.

पाय बांधून पाडणे, नाकाला दोरीचा पीळ घालणे किंवा मारणे, यांनी त्या दिवसाचे काम होईल. पण पुढच्या खेपेला शिंगरू नालबंदाला पाहूनच बिथरेल. जनावराच्या तोंडावर मारण्याची तर हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. नेहमी पाय देणारे जनावर अचानक नाकारू लागले तर दुखणे शोधावे. खूर गरम लागतो का, खिळा किंवा काच घुसली आहे का, हे पाहावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून जखम असल्यास पशुवैद्यांना लगेच बोलवावे आणि त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट. ऐब लपवून माल विकणे आपल्याकडे जायज नाही, आणि पाय न देणे हाही ऐबच आहे. विकताना तो गिऱ्हाइकाला आणि काम सांगताना नालबंदाला आधीच सांगावा. हा ऐब जडूच द्यायचा नसेल तर रोजची दहा मिनिटे सोडून दुसरा खर्च नाही.