नळयोजना दोन घरची पाहुणी होऊ नये

जिल्हा परिषद बांधते, ग्रामपंचायत चालवते. मधला दुवा कोण सांभाळणार?

होळी झाली की आपल्या जिल्ह्यात पाण्याची बोली सुरू होते. घाटावर विहिरी तळ दाखवू लागतात, घाटाखाली नळाच्या पाळीचे दिवस लांबत जातात. मग पारावर, चावडीवर एकच सवाल ऐकू येतो, "काहून आलं नाही पाणी?" सरपंच सांगतात, योजना जिल्हा परिषदेची आहे, आम्ही काय करणार? तोच सवाल घेऊन पंचायत समितीत गेले तर साहेब सांगतात, योजना केव्हाच ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली आहे, दुरुस्ती तुम्हीच करायची. दोघेही कागदाला धरूनच बोलत असतात. पण त्याने बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी नळयोजनेची गत होते.

वाचकहो, कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. बुलडाणा जिल्ह्यात १३ तालुके आणि पावणेनऊशेच्या घरात ग्रामपंचायती आहेत. गावचे पाणी हे ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद या दोघींचे सामाईक काम आहे. एकीचे काम कोठे संपते आणि दुसरीचे कोठे सुरू होते, हे आपल्याला ठाऊक असेल तर अर्धी टोलवाटोलवी जागच्या जागी थांबते. म्हणून ही उजळणी.

काम एक, कायदे दोन

आपल्या वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या होत्या. पुढे १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तेव्हाचे महसूलमंत्री आणि आपल्याच विदर्भातले पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. जिल्ह्याच्या पातळीवर अधिकार आणि पैसा द्यायचा, असा तो विचार होता. त्यानंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायत राज्याकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी घटनेतच आली. पिण्याचे पाणी त्या यादीत आहे.

आता गंमत पाहा. ग्रामपंचायतीच्या कायद्यात कामांची जी सूची आहे तिच्यात पाणीपुरवठा आहे, आणि जिल्हा परिषदेच्या कायद्यातील सूचीतही पाणीपुरवठा आहे. कायदा करणाऱ्यांनी हे काम दोघींना मिळून दिले. मोठा खर्च, आराखडा, अभियंता हे गावाच्या आवाक्याबाहेरचे. तर रोजची मोटार चालू करणे, गळती पाहणे, वसुली करणे हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून होण्यासारखे नाही. यास्तव दोघींशिवाय गत्यंतर नाही.

या दोघींना जोडणारा माणूस म्हणजे ग्रामसेवक. २०२४ साली शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव दिले. पण गावात त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतात. हा कर्मचारी जिल्हा परिषदेचा, आणि सचिव ग्रामपंचायतीचा. गावचा ठराव वर पोचवणे आणि वरचा आदेश गावाला समजावणे, ही दोन्ही कामे त्याची. हा दुवा ढिला पडला की योजना लोंबकळलीच समजा.

घाटाखालचे दुखणे वेगळे

घाटावर बहुधा एका गावाची एक योजना असते. एखाद्या पाझर तलावाखाली विहीर, तिथून टाकी, टाकीतून नळ. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात मात्र खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खोदली तरी पाणी खारट लागते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यातून वर्षानुवर्षे येत आहेत. तिथे गावाने स्वतःची विहीर करून भागत नाही. गोडे पाणी लांबून आणावे लागते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठीची १४० गाव योजना याच गरजेतून निघाली. तिचे पाणी अकोला जिल्ह्याच्या हद्दीवरील वारीच्या वान धरणातून येते.

अशा प्रादेशिक योजनेत गावे एका दावणीला बांधलेली असतात. वरच्या गावाने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की शेवटच्या गावाची टाकी भरत नाही. मुख्य जलवाहिनीला कोणी शेतासाठी छिद्र पाडले तर पुढची सगळी गावे तहानेली. काही गावांनी पाणीपट्टी थकवली तर वीजबिल थकते आणि ज्यांनी भरली त्यांचेही पाणी बंद होते. तेव्हा आपल्या गावची थकबाकी ही फक्त आपल्या गावची गोष्ट राहत नाही. अशा योजनेतील सरपंचांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, पाळीचे वेळापत्रक लेखी ठरवावे आणि ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

ताबा घेण्याआधी

योजना गावाच्या गळ्यात पडते ती बहुधा हस्तांतरणाच्या दिवशी. सही झाली, फोटो निघाला, आणि दोन महिन्यांनी कळते की वरच्या आळीत पाणी चढतच नाही. मग ठेकेदार सापडत नाही आणि जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीवर.

सरपंच मंडळींनो आणि पाणीपुरवठा समितीच्या सभासदांनो, सहीची घाई करू नका. आधी योजना काही दिवस चालवून घ्या. टाकी पूर्ण भरून रात्रभर ठेवा, पाझरते का ते पाहा. गावातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत शेवटच्या घरी जाऊन नळ उघडून पाहा. शिवारात पाइप किती खोल गाडला आहे ते नांगरणीच्या आधी तपासा. अंदाजपत्रकाची प्रत, जलवाहिनी व व्हॉल्व्ह दाखवणारा नकाशा, मोटारीची हमीपत्रे आणि पाणी तपासणीचा अहवाल मागून घ्या. विहिरीची व टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या नावे झाली आहे का, हेही पाहून ठेवा. तोंडी दिलेली जागा पुढच्या पिढीत वादाला कारण होते. त्रुटी असतील तर त्या ठरावात लिहा आणि त्याची पोच घ्या. तोंडी तक्रारीला दप्तरात जागा नसते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला देण्याचे ठरले. त्यात गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावाने उचलायचा. डोंगराळ व वनक्षेत्रातील गावांना आणि निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावांना ५ टक्के. हा वाटा रोख, साहित्याने किंवा श्रमदानाने देता येतो. ज्या गावाने आपला वाटा खरोखर घातला, ते गाव काम चालू असताना ठेकेदाराच्या मागे उभे राहते. ज्याने तो कागदोपत्री दाखवला, ते गाव नंतर "आमाले काय मालूम" म्हणते.

पाणीपट्टीचा साधा हिशोब

आता थोडे पैशाचे बोलू. समजा, एका गावात ३०० नळजोडण्या आहेत. मोटारीचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, जंतुनाशक पावडर आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून महिन्याला २७,००० रुपये लागतात, असे धरा. प्रत्येक घरामागे महिन्याला ९० रुपये पडले, म्हणजे वर्षाला १,०८० रुपये. सगळ्यांनी भरले तर योजना आपल्या पायावर चालते. पण १०० पैकी ६० घरांनीच भरले तर महिन्याला १६,२०० रुपये जमतात आणि १०,८०० कमी पडतात. वर्षाची तूट होते १,२९,६०० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावचे खरे आकडे घालून हाच हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडा.

निवडणूक जवळ आली की पाणीपट्टी मागायला कोणी धजत नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण लोक पैसे देत नाहीत हे अर्धेच खरे. पैसा कोठे जातो ते दिसत नाही म्हणूनही लोक देत नाहीत. पाणीपट्टीचे खाते वेगळे ठेवा. दर महिन्याची जमा आणि खर्च फलकावर लावा. बचत गटाच्या बायांना वसुलीत घ्या. पाण्याची झळ त्यांनाच सर्वांत आधी लागते, म्हणून त्यांचा शब्द घरोघरी मानला जातो.

हातपंप, पावडर आणि कार्ड

दोघींनी मिळून करायची कामे आणखीही आहेत. हातपंपाचेच पाहा. ग्रामपंचायतीने देखभालीची वर्गणी भरायची आणि पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाने पंप चालू ठेवायचा, अशी ही व्यवस्था. वर्गणी वेळेवर भरलेली असली म्हणजे पथक मागवताना सरपंचाचा आवाज खणखणीत निघतो.

पाण्याच्या शुद्धतेचेही तसेच आहे. गावातला जलसुरक्षक टी.सी.एल. पावडर टाकतो व नमुने घेतो. आरोग्य विभाग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या जागांची पाहणी करतो, आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखून साथ येऊ न देणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड. आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपण कधी विचारले आहे का? लाल असेल तर कशामुळे, हे विचारण्याचा हक्क ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला आहे.

टंचाईचा कृती आराखडाही दोघींच्या मेळानेच होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विहीर अधिग्रहण, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, विंधन विहीर, टँकर हे उपाय त्यात बसतात. पण ठराव गावातून वेळेवर गेला तरच. मे महिन्यात ठराव करून मे महिन्यात टँकर मागणारे गाव रांगेत मागे राहते.

पैसा कोणत्या दाराने येतो

पंधराव्या वित्त आयोगाचा २०२० ते २०२६ या काळातील निधी आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० टक्के आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटला गेला. २०२१-२२ पासून त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेली होती. म्हणजे गावाच्या हाती पैसा आला, पण तांत्रिक जाण असलेली माणसे जिल्हा परिषदेकडेच राहिली. अभियंत्याला न विचारता घेतलेली मोटार आणि गावाला न विचारता आखलेली जलवाहिनी, दोन्ही सारख्याच वाया जातात.

एक जुनी सोय अनेक नव्या सदस्यांना माहीत नसते. ती म्हणजे जिल्हा ग्रामविकास निधी. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का या निधीत घालतात, तो जिल्हा परिषदेकडे जमा राहतो आणि त्यातून ग्रामपंचायतींना विकासकामासाठी कर्ज मिळते. थोडे थोडे सगळ्यांनी घालायचे आणि ज्याला गरज त्याने उचलायचे, ही आपल्या भिशीसारखीच रीत. आपली ग्रामपंचायत त्यात वर्गणी भरते का, हे दप्तरात पाहून घ्यावे.

जिल्हा परिषदेकडून अपेक्षा

गावाने एवढे केले तर जिल्हा परिषदेनेही काही करायला हवे. तालुक्याच्या ठिकाणी तांत्रिक सल्ला ठरलेल्या दिवशी मिळावा. दुरुस्तीच्या अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळेल, हे लेखी असावे. ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक गावांचा भार असेल तर तो कोणत्या वारी कोठे बसतो, ते गावाला कळावे.

आणि आणखी एक. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकांच्या हाती गेला. अधिकारी मेहनती असले तरी गटातल्या गावाचे म्हणणे सभागृहात उठून मांडणारा सदस्य नसला की गावाचा आवाज फाइलीत अडकतो. अशा वेळी ग्रामसभेच्या ठरावाचे मोल वाढते. तो नीट लिहिलेला, तारखेचा, सह्यांचा आणि पोच घेतलेला असावा.

गाव करी ते राव न करी, ही म्हण खरीच आहे. पण धरणाचे पाणी घाटाखालच्या शेवटच्या वस्तीपर्यंत आणायचे तर गाव आणि राव दोघांनीही खांदा द्यावा लागतो. येत्या ग्रामसभेला तीन गोष्टी विचारा: आपल्या योजनेचा ताबा कोणाकडे आहे, वीजबिलाची बाकी किती आहे, आणि आपले कार्ड कोणत्या रंगाचे आहे? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या होळीला "काहून आलं नाही पाणी?" हा सवाल कोणाला करायचा, हे तरी आपल्याला नक्की ठाऊक असेल.