गिटारच्या झाकणाला चुंबक: समज आणि वस्तुस्थिती

इलेक्ट्रिक गिटारच्या पाठीत पॉट, कपॅसिटर आणि वायरींसाठी एक पोकळी कोरलेली असते. तिचं झाकण वरचेवर उघडलं की लाकडातली स्क्रूची भोकं सैल होतात, म्हणून कितीतरी जण स्क्रूऐवजी चुंबक बसवतात. युक्ती उत्तम आहे. पण भीती भलत्याच गोष्टीची धरली जाते आणि खरी काळजी राहून जाते, त्यातही दिवाळे गावासारख्या खाडीकाठच्या ठिकाणी.

पहिली भीती आवाजाची. चुंबकामुळे गिटार घुमते, आवाज बिघडतो, असं सर्रास सांगतात. पिकअप चालतो तो बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर: पोलादी तार कंप पावते, क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. लाकडात घट्ट बसलेल्या चुंबकाचं क्षेत्र बदलतच नाही. शिवाय छोट्या चुंबकापासूनचं अंतर दुप्पट झालं की क्षेत्र सुमारे एक अष्टमांश उरतं. ऐकू येणारी घरघर असते ती घरातल्या 50 हर्ट्झ विजेची. मात्र निओडिमियमचा चुंबक अल्निको पिकअपला थेट टेकवू नये, पिकअपची चुंबकशक्ती कमी होऊ शकते.

घरघरीशी झाकणाचा संबंध आहे, पण तो वेगळा. घरघर अडवण्यासाठी पोकळीला आणि झाकणाला आतून तांब्याची पट्टी लावलेली असेल, तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकायलाच हव्यात. चुंबक कडेच्या वर आला तर झाकण उचललेलं राहतं, जोड तुटतो आणि दोष मात्र चुंबकशक्तीवर जातो. म्हणून चुंबक लाकडाच्या पातळीत, किंवा केसभर खालीच बसवावा. केसभरच, कारण फट वाढली की पकड झपाट्याने घटते.

‘सगळ्यात जोरदार चुंबक आणा’ हाही गैरसमज. 6 मिलिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा साधा निओडिमियम चुंबक जाड सपाट लोखंडावर अर्ध्या किलोहून जास्त वजन धरतो. प्लास्टिकच्या झाकणाचं वजन पन्नास ग्रॅमही नसतं. चार कोपऱ्यांत चार पुरेत, आणि झाकणाला समोर लोखंडी वायसर त्याच्याच पातळीत चिकटवले की उत्तर-दक्षिण ध्रुवांची जुळवाजुळवही करावी लागत नाही. वायसर पितळेचा नको. स्टेनलेसचा घेतला तर आधी चुंबक लावून पाहा, 304 जातीचं स्टेनलेस जवळपास ओढलंच जात नाही.

आता गोंद. भोक घट्ट पाडून चुंबक ठोकून बसवला की झालं, असं समजू नये. पावसाळ्यात लाकूड रेषांना आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि पकड ढिली पडते. हातोडीने चुंबकच फुटतो, तो काचेइतका ठिसूळ असतो. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो खरा, पण झाकण ओढताना बसणाऱ्या हिसक्यांना तो तितका टिकत नाही. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी घ्या. लाकूड सागवानी असेल तर ते तेलकट असतं, भोक आधी अ‍ॅसिटोनने पुसा. गोंद पूर्ण वाळेपर्यंत झाकण लावून पाहण्याचा मोह आवरा, नाहीतर चुंबक वायसरला चिकटून भोकातून बाहेर येतो.

गोंद पकडावा म्हणून चुंबक पॉलिश पेपरने घासतात, आणि इथे खाडीकाठच्या माणसाने थांबून विचार करावा. निओडिमियमच्या चुंबकात बहुतांश लोखंड असतं. वरचा निकेलचा मुलामा फाटला की दमट, खारट हवेत चुंबक गंजतो, फुगतो आणि आतून भुकटी होतो. ‘चुंबक गंजत नाही’ हा समज दिवाळ्याच्या जेट्टीजवळ फार दिवस टिकायचा नाही. फक्त तळ आणि कडा हलक्या हाताने घासाव्यात, आणि वरूनही इपॉक्सीचा पातळ थर द्यावा. चुंबकाला ड्रिलने भोक तर कधीच पाडू नये: मुलामा जातो आणि उडणारी भुकटी पेट घेऊ शकते. गंजाची कटकटच नको असेल तर काळा फेराइट चुंबक घ्या. पकड कमी, पण त्याला गंज नाही. तो थोडा मोठा घेतला की काम भागतं.

पोकळीतल्या वायरी जोडताना सोल्डरिंग आयर्न चुंबकाला टेकवू नका. साध्या जातीचा निओडिमियम चुंबक साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर कायमचा कमजोर होऊ लागतो, आणि आयर्नचं टोक तीनशेच्या पुढे तापतं.

उरलेले चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्यांच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.